अराज्यवादाचे चार शनिवार

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना अराज्यवाद आणि जहाल राजकारण यांचं पुस्तकांतलं, सिनेमातलं, गाण्यांतलं चित्रण यावर चार शनिवार संध्याकाळच्या बैठका घ्यायच्या आहेत. तीसेक मुलं, शिवाय गावातले पाचसहा हौशी वाचक. मुलांना 'जोकर' आणि 'फाइट क्लब' हवाय. प्राचार्यांना शीर्षकातला पहिलाच शब्द बोचतोय. शेवटी विचारलंय, "एखादी चांगली यादी मिळेल का?"

सर, यादी देते. पण यादी हा तुमचा खरा प्रश्न नाही असं मला वाटतं. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल होते, आणि तिथं एकोणीस वर्षं शनिवारचा कट्टा चालवला: एक शनिवार पुस्तक, एक शनिवार सिनेमा. हा विषय तीन वेळा घेतला. पहिल्यांदा साफ पडला, दुसऱ्यांदा बरा झाला, तिसऱ्यांदा रंगला. तिन्ही वेळा यादी जवळपास तीच होती. बदललं ते एवढंच की लोकांना काय शोधायला सांगायचं हे मला उशिरा कळलं.

आधी त्या शब्दाचं बघू, कारण तुमचे प्राचार्य एकटेच बिचकलेले नाहीत. मराठीत 'अराजक' कधी एकटं येत नाही, ते 'माजतं'. आणि ही भीती आजची नाही. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात दशरथ गेलाय, राम वनात आहे, भरत आजोळी आहे. तेव्हा ऋषी आणि मंत्री वसिष्ठांपुढे गाऱ्हाणं मांडतात आणि पुन्हापुन्हा 'नाराजके जनपदे' म्हणतात. राजा नसलेल्या देशात पाऊस पडत नाही, मुलगा बापाचं ऐकत नाही, दार उघडं टाकून कुणी झोपू शकत नाही. म्हणजे राजा नाही तर काहीच नाही, हे आपल्या कानात हजारो वर्षं बसलेलं आहे. इंग्रजीतल्या 'अॅनार्की'च्या ग्रीक मूळ शब्दाचा अर्थही 'ज्याच्यावर शासक नाही तो' एवढाच. १८४० साली फ्रान्समध्ये प्रूदाँ या विचारवंतानं 'अॅनार्किस्ट' हा शिवीचा शब्द उचलून स्वतःला लावून घेतला. तेव्हापासून त्या विचाराचा दावा असा, की शासक नसला म्हणजे व्यवस्था नसते असं नाही. माणसं आपापसांत ठरवून व्यवस्था लावू शकतात. दावा पटो न पटो, पण तो असा आहे. म्हणून मी कट्ट्यावर 'अराज्यवाद' हाच शब्द वापरते आणि पहिली दहा मिनिटं या दोन शब्दांतल्या फरकावरच घालवते.

आता माझी कसोटी. कुठलंही पुस्तक, सिनेमा, गाणं घ्या आणि त्यात बाँब शोधू नका, बैठक शोधा. माणसं एकत्र येऊन काहीतरी ठरवतायत असा प्रसंग त्यात आहे का? ठरवताना भांडतात का? ज्याला पटलं नाही त्याचं पुढं काय होतं? हे ज्या कलाकृतीत आहे तिच्यात अराज्यवाद आहे, मग तो शब्द त्यात एकदाही न येवो. नसेल तर नुसता काळा झेंडा आहे.

बाँबवाला अराज्यवादी ही प्रतिमा हवेतून आली नाही, हे मात्र मुलांना सांगायलाच हवं. १८९०च्या दशकात युरोपात खरोखर बाँब फुटले. १८९४मध्ये लंडनच्या ग्रिनिच वेधशाळेजवळ स्वतःच्याच बाँबनं मेलेल्या एका फ्रेंच तरुणावरून जोसेफ कॉनरॅडनं १९०७मध्ये 'द सीक्रेट एजंट' लिहिली. तिथून तो दाढीवाला, खिशात बाँब घेऊन फिरणारा माणूस शंभर वर्षं सिनेमात फिरतोय. आपल्याकडेही धागा आहे. १८९३मध्ये फ्रेंच संसदेत बाँब टाकणाऱ्या वेलाँचं 'बहिऱ्यांना ऐकू जावं म्हणून' हे वाक्य ८ एप्रिल १९२९ला दिल्लीच्या असेंब्लीत पडलेल्या पत्रकात होतं. पण त्याच भगतसिंगांनी त्याच्या आदल्या वर्षी 'किरती' या पंजाबी मासिकात अराज्यवाद म्हणजे काय यावर शांतपणे लेख लिहिले होते. सिनेमात बाँब येतो, ते लेख येत नाहीत.

मुलांच्या मागणीला नाही म्हणू नका. मी म्हटलं होतं, आणि पहिल्या वर्षी मुलं आलीच नाहीत. 'फाइट क्लब' (१९९९) घ्या, पण शेवटचा पाऊण तासच. त्यातली 'प्रोजेक्ट मेहेम' ही गुप्त संघटना वरून बंडखोर दिसते. मुलांना विचारा, तिचा पहिला नियम काय? प्रश्न विचारायचे नाहीत. तिथं कुणाला नाव नाही, सगळ्यांनी डोकी भादरलेली, आणि हुकूम एकाच्या तोंडून. त्यांच्यातला एक जण मरतो तेव्हा नायक कळवळून म्हणतो की हा माणूस आहे, याला नाव आहे. तर ते सगळे ते नावच घोषणेसारखं म्हणायला लागतात, कारण त्यांना तोही नवा नियम वाटतो. आमच्याकडे बारावीतला एक मुलगा म्हणाला होता, "मॅडम, ही तर आमच्या हॉस्टेलची रॅगिंग आहे." मला पुढं काही बोलावंच लागलं नाही.

आणि 'द डार्क नाइट' (२००८) मधला जोकर. तो स्वतःला गोंधळाचा हस्तक म्हणवतो, त्यामुळे मुलांना वाटतं हाच तो. पण त्या सिनेमात एक बैठक आहे, आणि ती जोकरची नाही. दोन बोटी, एकीत कैदी, दुसरीत साधे नागरिक, आणि प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवायचं बटण. नागरिक मतदान घेतात, बहुमतानं ठरतं की उडवायचं. मग बटण दाबायला कुणाचाच हात उठत नाही. दुसऱ्या बोटीत एक दांडगा कैदी अधिकाऱ्याकडून यंत्र मागून घेतो आणि खिडकीबाहेर फेकून देतो. राजा नसला की माणसं एकमेकांना खातात हे सिद्ध करायचा जोकरचा घाट होता. तो तिथंच फसला. एवढा दहा मिनिटांचा तुकडा दाखवा. मुलांना त्यांचा सिनेमा मिळतो, तुम्हाला तुमचा विषय.

मुखवट्याबद्दलही ती विचारतील. 'व्ही फॉर व्हेंडेटा' मुळात १९८२ ते १९८९ या काळातली चित्रकथा, आणि तिच्यात अराज्यवाद विरुद्ध फॅसिझम असा उघड सामना आहे. सिनेमात तो इतका पातळ झाला की लेखक अॅलन मूरनं श्रेयनामावलीतून आपलं नाव काढायला लावलं. जगभरच्या मोर्चांत दिसणारा तो हसरा मुखवटा अधिकृत असेल तर त्याचे पैसे टाइम वॉर्नरला जायचे. यावर फार वेळ घालवू नका, मुलं हसतात आणि विषय संपतो.

पहिला शनिवार मी आता जाँ व्हिगोच्या 'झीरो दी काँद्युइत'ला देते. १९३३चा फ्रेंच सिनेमा, पाऊण तासाच्या आत संपतो. वसतिगृहातली मुलं शिक्षकांविरुद्ध बंड करतात, एवढीच गोष्ट. फ्रान्समध्ये प्रदर्शित होताच बंदी आली आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत ती उठली नाही. व्हिगो १९३४मध्ये एकोणतिसाव्या वर्षी गेला. बंदी उठलेली त्यानं पाहिली नाही. त्याचे वडील अराज्यवादी पत्रकार, १९१७मध्ये तुरुंगाच्या कोठडीत गळा आवळलेल्या अवस्थेत सापडले. हे आधी सांगू नका. आधी सिनेमा बघू द्या. उशांच्या मारामारीचा प्रसंग आहे: उशा फाटतात, पिसं बर्फासारखी उडतात, सगळं एकाएकी संथ होतं आणि मुलांची मिरवणूक निघते. तिथलं संगीत संगीतकार जोबेरनं उलटं वाजवून घेतलेलं आहे, त्यामुळे कानाला ओळखीचं वाटतं आणि धरता येत नाही. मग वडिलांची हकीकत सांगा. एखादी तरी मुलगी म्हणते, "पुन्हा लावा."

या सिनेमाचा फायदा असा की त्यात पक्ष नाही, झेंडा नाही (म्हणजे कवटीचा एक आहे, पण तो पोरखेळातला), इतिहासाची तयारी लागत नाही. शाळा सगळ्यांनी भोगलेली असते.

दुसरा शनिवार स्पेनचा, आणि इथं मात्र रेंगाळा. जुलै १९३६मध्ये लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्ध लष्करानं बंड केलं आणि यादवी युद्ध पेटलं, तेव्हा बार्सिलोनात ते मोडून काढण्यात अराज्यवादी कामगार संघटना सीएनटी पुढं होती. त्यानंतर काही महिने कारखाने, ट्राम, हॉटेलं, आसपासची शेती कामगारांच्या हातात होती. या विचाराला एवढी मोठी जमीन क्वचितच मिळाली.

पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचं 'होमेज टू कॅटलोनिया'. मोतिहारीत जन्मलेला हा माणूस डिसेंबर १९३६मध्ये बार्सिलोनात उतरला. पहिलं प्रकरण मराठीतून मोठ्यानं वाचून दाखवा. मी स्वतः भाषांतर करून वाचत असे, तुम्हीही करू शकाल. त्यातले तपशील बघा. बूटपॉलिशवाल्यांनीही सामुदायिक संस्था केलीय आणि त्यांच्या पेट्या लाल-काळ्या रंगवल्यात. हॉटेलात बक्षिशी द्यायला बंदी. वेटर तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो. पुढच्या प्रकरणांत सैन्याचं बघा: सेनापती आणि शिपाई यांना पगार सारखा; सलाम नाही; हुकूम दिला तर शिपाई 'का' विचारतो आणि सांगावं लागतं. ऑर्वेलला हे सगळं कळलं नाही, काही आवडलंही नाही, पण लढण्याजोगं आहे एवढं त्याला लगेच जाणवलं, असं तो प्रामाणिकपणे लिहितो. पक्षांच्या आद्याक्षरांचं जंगल जिथं सुरू होतं तिथं तो वाचकाला स्वतःच सांगतो की कंटाळा येत असेल तर हे प्रकरण वगळा. तुम्हीही वगळा. मी पहिल्या वर्षी वगळलं नव्हतं, फळ्यावर सहा पक्षांची नावं लिहिली होती. पडला तो शनिवार हाच.

एक खुलासा टाळू नका. ऑर्वेल अराज्यवाद्यांच्या नाही, पोउम नावाच्या छोट्या मार्क्सवादी पक्षाच्या तुकडीत होता. मे १९३७मध्ये बार्सिलोनाच्या टेलिफोन इमारतीवरून आपल्याच बाजूचे लोक रस्त्यांवर एकमेकांशी लढले, ते त्यानं पाहिलं. त्याच महिन्यात आघाडीवर त्याच्या गळ्यातून गोळी गेली. परतल्यावर तो पोउमवरच्या धरपकडीतून कसाबसा निसटला. १९३८मध्ये पुस्तक आलं तेव्हा १५०० प्रती छापल्या होत्या. १९५०मध्ये तो वारला तेव्हाही त्या सगळ्या खपल्या नव्हत्या. लेखक होऊ बघणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

सिनेमा केन लोचचा 'लँड अँड फ्रीडम' (१९९५). लिव्हरपूलचा एक बेकार तरुण लढायला जातो. सगळा सिनेमा दाखवायला वेळ नसेल तरी एक प्रसंग दाखवा. गाव मुक्त झालंय. पळालेल्या जमीनदाराच्या वाड्यात गावकरी जमलेत. जमीन सगळी एकत्र करायची का? एक म्हणतो, आत्ताच, पूर्ण. पेपे नावाचा छोटा शेतकरी म्हणतो, वाड्याची जमीन घ्या, माझा तुकडा मला राहू द्या, मी राबतो तेवढं सगळे राबत नाहीत. मग मदतीला आलेल्या परदेशी लढवय्यांना मत विचारतात. एक अमेरिकन म्हणतो, असलं काही केलंत तर बाहेरचे देश शस्त्रं देणार नाहीत, आधी युद्ध जिंका. एक जर्मन म्हणतो, आमच्याकडे क्रांती पुढं ढकलली आणि काय झालं ते बघा. दहा-बारा मिनिटं नुसती चर्चा. गोळी नाही, संगीत नाही. त्यांतले बरेच जण नट नाहीत, तिथलेच लोक आहेत.

मतदानाच्या आधी सिनेमा थांबवा. हेच ते तिसऱ्या वर्षी मला सुचलं. दिवे लावा आणि तुमच्या खोलीत मतदान घ्या. आमच्याकडे मागच्या बाकावर एक द्राक्षबागायतदार बसायचे, दोन एकरवाले, कधी न बोलणारे. ते उठले आणि पेपेची बाजू त्यांनी पेपेपेक्षा जोरात मांडली: "फवारणी मध्यरात्री करावी लागते. सगळ्यांच्या बागेत मध्यरात्री कोण उठणार?" त्यावर एक निवृत्त कारखाना कामगार म्हणाले, "एकत्र करून बघितलंय की आपण. सहकारी साखर कारखाना म्हणजे काय दुसरं? सभासद हजारो, आणि निर्णय एकाच बंगल्यावर." मग तिसऱ्याला नाना पाटलांचं प्रतिसरकार आठवलं, १९४३ सालचं. न्यायनिवाडे गावातच व्हायचे, सरकारच्या कोर्टाची पायरी कुणी चढायचं नाही. त्यांचे वडील त्यात होते. प्रतिसरकार काही अराज्यवादी नव्हतं, ते दुसरं सरकारच होतं, हे मी सांगितलं. पण चर्चा आता स्पेनची राहिली नव्हती. साडेनऊला रखवालदारानं दिवे घालवले तेव्हा लोक उठले. सिनेमा पुढच्या शनिवारी पुरा केला.

या विचाराची अडचणही स्पेनमध्येच सापडते, ती लपवू नका. नोव्हेंबर १९३६मध्ये 'सरकार नको' म्हणणाऱ्या सीएनटीचे चार जण सरकारात मंत्री झाले. त्यांतले गार्सिया ऑलिव्हर न्यायमंत्री, म्हणजे तुरुंगही त्यांच्याच खात्यात! लढाई चालू असताना दुसरं काय करायला हवं होतं, हा प्रश्न मी नेहमी कट्ट्यावर टाकते आणि उत्तर देत नाही, कारण माझ्याकडे ते नाही.

तिसरा शनिवार गाण्यांचा. मुलं सेक्स पिस्टल्स या इंग्लिश गटाचं नाव घेतील. नोव्हेंबर १९७६मध्ये आलेल्या त्यांच्या गाण्याच्या नावातच अराज्य आहे, पण ते निघालं ईएमआय या बड्या कंपनीकडून. ऐकवा, मजेदार आहे, दोन मिनिटांत सोडा. माझ्या कसोटीला उतरतो तो क्रास हा इंग्लंडातलाच दुसरा गट. एसेक्समधल्या एका जुन्या शेतघरात एकत्र राहायचे, आणि तबकडीच्या वेष्टनावरच 'यापेक्षा जास्त पैसे देऊ नका' असं किंमतीसकट छापायचे. बैठक गाण्यात नाही, पण गाणं तयार करण्याच्या पद्धतीत आहे. त्यांच्या १९७८च्या पहिल्या तबकडीची गोष्ट तर फारच बोलकी. पहिलं गाणं येशूवर कडक होतं. आयर्लंडमधल्या कारखान्यातल्या कामगारांनी ती छापायला नकार दिला. गटानं त्या जागी दोन मिनिटं शांतता ठेवली आणि तिला भाषणस्वातंत्र्याचा आवाज असं उपरोधिक नाव दिलं. आता यात कामगारांचा नकार हा अराज्यवाद की सेन्सॉरशिप? मी कामगारांच्या बाजूची आहे. तुमच्या खोलीत दोन तट पडतील.

त्याआधीची परंपरा मला जास्त जवळची वाटते. १९०५मध्ये शिकागोत आयडब्ल्यूडब्ल्यू ही कामगार संघटना निघाली. तीत समाजवादी होते तसे अराज्यवादीही. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं भाषण सुरू झालं की धर्मप्रचारकांचा बँड शेजारी येऊन वाजवायला लागायचा. मग यांनी त्याच भजनांच्या चाली घेतल्या आणि आपले शब्द घातले. बँड समोरून फुकट साथ द्यायचा. १९०९पासून त्यांचं खिशात मावणारं लाल गाणेपुस्तक निघत राहिलं. त्यातला सर्वांत नावाजलेला गीतकार जो हिल, स्वीडनहून आलेला मजूर, त्याला खुनाच्या वादग्रस्त खटल्यात १९ नोव्हेंबर १९१५ला सॉल्ट लेक सिटीत गोळ्या घातल्या.

ओळखीच्या चालीत नवे शब्द हे आपल्याला सांगायला अमेरिकेतून कुणी यायला नको. सत्यशोधकांनी जलसा उभा केला तो तमाशाच्या साच्यात. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' वरवर गावी राहिलेल्या बायकोची विरहाची छक्कड, आणि आत संयुक्त महाराष्ट्र. अण्णा भाऊ कम्युनिस्ट, अराज्यवादी नव्हेत. सगळ्या लाल गोष्टी एका पोत्यात भरू नका, नाहीतर एखादा जुना कार्यकर्ता तुम्हाला तिथंच धरेल. मला धरलं होतं.

गाणी नुसती ऐकवू नका, लिहायला लावा: गावचा एखादा प्रश्न, ओळखीची चाल, अर्धा तास. फक्त चाल जपून निवडा. आमच्याकडे एका नर्सनं पाण्याच्या टँकरवर फक्कड कडवी लिहिली, पण 'सुखकर्ता'च्या चालीवर. दोन आजोबा उठून गेले आणि पुढचे दोन महिने आले नाहीत. क्रासची तबकडी छापायला नकार देणारे कामगार मला तेव्हा नीट कळले.

चौथा शनिवार कादंबरीचा. अर्सुला ली ग्विनची 'द डिस्पझेस्ड' (१९७४). अनारेस नावाच्या ओसाड चंद्रावर दीडेकशे वर्षांपूर्वी गेलेल्या बंडखोरांनी सरकार, पैसा, मालकी नसलेला समाज वसवलाय. तिथल्या भाषेत 'माझं' म्हणायची पद्धत नाही. नायकाची लहान मुलगी 'माझा रुमाल घे' म्हणत नाही. 'मी वापरते तो रुमाल तूही वापर' अशा अर्थाचं म्हणते. मुलांना पाच मिनिटं 'माझं' न म्हणता बोलायला लावा. आपल्याकडे 'आमचं घर', 'आमचे हे' अशी सोय आहे, त्यामुळे मराठी माणूस इंग्रजी माणसापेक्षा जरा जास्त टिकतो.

पण मला ही कादंबरी आवडते ती वेगळ्या कारणानं. ली ग्विनला अराज्यवाद प्रिय होता आणि तरी तिनं त्याची फट उघडून दाखवली. अनारेसवर पोलीस नाहीत, पण शेजारी आहेत. 'लोक काय म्हणतील' हेच सरकार होऊन बसलंय. एक वरिष्ठ शास्त्रज्ञ नायकाचा शोधनिबंध स्वतःचं नाव जोडल्याशिवाय छापू देत नाही. अधिकृत सत्ता त्याच्याकडे नाही, नुसतं वजन आहे. गावात वाढलेल्या मुलींना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या मान डोलावतात. पुस्तक जाड आहे, सगळे वाचणार नाहीत. पहिलं प्रकरण आणि ही दोन स्थळं पुरतात.

त्याच शनिवारी याला जोडून मिलिंद बोकिलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' ठेवा. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. ग्रामसभेत निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचंही पटलं नाही तर विषय पुढं. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. या लोकांना अराज्यवादी म्हणू नका, ते स्वतःला तसं म्हणवत नाहीत आणि सरकारी कायद्याचा आधार घेऊनच ते लढले. पण सर्वसहमती म्हणजे किती बैठका, किती बसून राहणं, हे त्या पुस्तकात दिसतं तसं मला युरोपातल्या एकाही कादंबरीत दिसलं नाही. शिवाय गाव दूर असलं तरी बस जाते. मुलांना नेता आलं तर बघा.

आता आक्षेप. तुमच्या खोलीत कुणीतरी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण काढेलच, आणि नाही काढलं तर तुम्ही काढा. संविधानाचे मार्ग खुले असताना रक्तरंजित क्रांतीच नव्हे तर कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हेसुद्धा सोडले पाहिजेत, ते म्हणजे अराजकाचं व्याकरण, असं ते म्हणाले. ज्यांना गावानं, शेजाऱ्यांनी, 'सर्वसहमती'नंच शतकानुशतकं विहिरीपासून लांब ठेवलं, त्यांना राज्यघटनेचा आधार सोडून गावावर विसंबायला सांगणं म्हणजे काय, हा प्रश्न या सगळ्या पुस्तकांना विचारायला हवा. क्रोपोत्किन या रशियन अराज्यवादी विचारवंतानं १९०२च्या 'म्युच्युअल एड'मध्ये खेड्यातल्या सहकार्याचं जे चित्र काढलं त्यात वेस आहे, पण वेशीबाहेर कोण राहतं ते दिसत नाही. मी हा आक्षेप शेवटी घेत असे. आता स्पेनच्या शनिवारीच घेते. शेवटी घेतला की तो निकालासारखा ऐकू येतो आणि लोक घरी जातात. मध्ये घेतला की पुढची दोन पुस्तकं लोक त्याच्याच नजरेनं वाचतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्यांत मी काय सांगणार. संस्था कुणाची, प्राचार्य किती घाबरलेत, गावात गेल्या महिन्यात काय घडलंय हे तुम्हाला माहीत. माझा अनुभव एवढाच की नाव लपवू नये. एका वर्षी एका संस्थेत मी 'युरोपीय सिनेमाचा परिचय' असं सोवळं शीर्षक दिलं; कुणीतरी आतला विषय सांगितला आणि कार्यक्रम आदल्या दिवशी रद्द झाला, वर फसवल्याचा ठपका. त्यापेक्षा एक पानभर टिपण करा: काय दाखवणार, का, आणि बाबासाहेबांचा आक्षेपही त्यातच लिहा. प्राचार्यांच्या हातात कागद असला की त्यांना वर उत्तर देता येतं. सिनेमे सार्वजनिक दाखवायचे तर हक्कधारकाची परवानगी लागते, त्याला वेळ जातो. फिल्म सोसायटीशी जोडून घेतलंत तर सोपं पडतं.

खुर्च्या गोल मांडा. व्यासपीठ असेल तर ते रिकामं राहू द्या, स्वतःही चढू नका. स्पेनच्या प्रसंगातली उपशीर्षकं भरभर जातात, मागच्यांना दिसत नाहीत; दोन विद्यार्थ्यांना आधी बसवून मराठी संवाद लिहून घ्या आणि ते समोर बसून वाचू देत, एकानं पेपे व्हायचं, एकानं बाकीचे. आमच्याकडे हे इतकं जमलं की पुढच्या वर्षी मुलांनी तो प्रसंग सिनेमाशिवायच केला.

आणि पहिल्याच शनिवारी घाबरू नका: व्हिगोच्या सिनेमाचा आवाज मुळातच खरखरीत आहे. मी तुमच्या जागी असताना स्पीकर गेला म्हणून अर्धा तास वायरी ओढत बसले होते.